अर्ध्या देशाच्या नेव्हीत

सिंगापुरात दोन मराठी माणसं भेटली की पाच मिनिटांत "तुम्ही काय करता" वर येतात. गेल्या गणपतीत वन-नॉर्थजवळच्या एका कॉन्डोत आरती झाल्यावर एका बँकवाल्याने मला तेच विचारलं. मी म्हटलं, जहाजांची इंजिनं दुरुस्त करतो, आधी बोटीवर होतो. तो खूश झाला. म्हणाला, "म्हणजे मर्चंट नेव्ही. खरी नेव्ही नाही ना, तोफाबिफा नसतात." बायकोने माझ्याकडे बघितलं. माझी सटकायला एवढं पुरतं हे तिला माहीत आहे. मी म्हटलं, खऱ्या नेव्हीतही होतो, तोफ पण होती. कुठल्या देशाची नेव्ही, त्याने विचारलं. मी म्हटलं, अर्ध्या देशाची. तो हसला. मला काही हसू आलं नाही. आम्ही लगेच निघालो आणि बुकित बातोकला आमचं घर येईपर्यंत बायको एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, माझ्याशी बोलली नाही.

अर्धा देश म्हणजे काय ते सांगतो. एक देश होता, त्यात आपसात लढाई पेटली. दोन सरकारं झाली, दोन झेंडे झाले, नेव्हीचीही वाटणी झाली. ज्यांच्या वाट्याला जहाजं कमी आली ते पाण्यावर तरंगणारं काहीही विकत घेत सुटले. त्यांनी सिंगापुरातून एक जुनी सप्लाय बोट घेतली, तेलाच्या विहिरींवर सामान पोचवणारी. अर्थात कागदावर कुठल्याशा खाजगी कंपनीचं नाव होतं. बोट तिकडे नेऊन द्यायची आणि विमानाने परत यायचं, एवढंच काम. सिंगापुरातल्याच तोआ पायोहमधल्या एका एजंटने माणसं गोळा केली. इंजिनावर मी गेलो आणि डेकवर सारंग म्हणून माझे भावजी.

सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, ज्याला इंग्रजीत बोसन म्हणतात. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. गुहागरकडचा माणूस, सगळी हयात समुद्रावर गेलेली. ही शेवटची ट्रिप मारतो आणि घरी बसतो, असं ताईला सांगून आलेले. बोट तयार होईपर्यंत ते आमच्या फ्लॅटमध्येच उतरले होते. हॉलमध्ये चटई टाकून झोपायचे, पहाटे उठून माझ्या मुलीच्या शाळेच्या बुटांना पॉलिश करायचे. ती म्हणायची, "अंकल सो फनी लाह," आणि त्यांना त्यातलं काही कळायचं नाही तरी ते हसायचे. आणि मी? मी भांडकुदळ. एजंटशी भांडलो, यार्डातल्या फोरमनशी भांडलो, निघायच्या दिवशी बायकोशी भांडलो. भावजी मला म्हणायचे, तुझ्या तोंडाला एक झडप बसवून घे, इंजिनाला असते तशी. ताईने मला फोनवर एवढंच सांगितलं होतं, की त्यांना जपून आण.

तिकडच्या बंदरात पोचलो त्या सकाळी बंदुका घेऊन माणसं वर चढली. आमचा कॅप्टन केरळचा, बिचारा सभ्य. त्याने कागद पुढे केले. एकाने बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर असा घातला की दात डेकवर पडलेले मी डोळ्यांनी बघितले. त्याला आणि बाकीच्यांना जीपमध्ये घालून नेलं. त्यांना काही आठवड्यांनी सोडलं, हे मला नंतर कळलं. आम्हां दोघांना ठेवून घेतलं. कारण इंजिन लहरी होतं, मी हात लावल्याशिवाय चालू व्हायचं नाही. आणि नांगर उचलायचं यंत्र त्याहून लहरी, ते फक्त भावजींचं ऐकायचं. पासपोर्ट गेले, फोन गेले. मी शिव्या घातल्या तर मला रबरी होजच्या तुकड्याने पाठ सुजेपर्यंत मारलं. भावजी मध्ये पडले तर त्यांनाही. अशी आमची भरती झाली.

बोटीला राखाडी रंग फासला आणि पुढच्या डेकवर तोफ वेल्डिंगने चिकटवली. ते वेल्डिंग बघून मला रडू येत होतं, इतकं भिकार. तोफ उडाली की डेकच्या पत्र्याला चिरा जायच्या आणि भावजी त्या पुन्हा भरून घ्यायचे. कमांडर त्यांच्याच देशाचा, पण पूर्वी मालाच्या जहाजांवर सेकंड ऑफिसर होता. आपल्याकडच्या खलाशांबरोबर नोकरी केलेली, त्यामुळे हिंदी बोलायचा. हसून बोलायचा आणि बोलता बोलता मारायचा. तोफेवरची पोरं मात्र शेतातून उचलून आणलेली, पायात रबरी चपला, अंगात कुणाचे तरी उतरलेले शर्ट. समुद्र लागून ओकत ओकत तोफ भरायची. अर्ध्यांना पोहता येत नव्हतं.

माझी सगळी लढाई खाली इंजिनरूममध्ये झाली. वर काय चाललंय ते दिसायचं नाही, फक्त ऐकू यायचं. आपली तोफ उडाली की डोक्यावर कुणी घण घातल्यासारखं व्हायचं आणि रंगाचे पोपडे अंगावर पडायचे. समोरून गोळी आली की पत्र्यावर कोकणातल्या सड्यावरचे दगड फेकावेत तसा आवाज. तशात इंजिन गरम होत असायचं आणि मी पंपाला शिव्या घालत असायचो. एकदा आम्ही किनाऱ्यावरच्या एका गावावर तोफ डागली. का, ते मला कुणी सांगितलं नाही. थांबल्यावर वर गेलो तर होड्या जळत होत्या, वाळूवर माणसं पडलेली होती, आणि एक बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून आमच्याकडे बघून ओरडत होती. कमांडरने तिच्याकडे बोट केलं आणि मशीनगनवाल्याने तिला पाडलं. नुसतं बोट केलं हो. दुकानात वस्तू दाखवतात तसं. मी तिथेच ओकलो.

आमच्याकडेही माणसं पडायची. डेक धुवायचं काम सारंगाचं, म्हणून भावजी होज आणि ब्रश घेऊन रक्त धुवायचे. रक्तात डिझेल मिसळलं की ते लवकर निघत नाही, चिकट होतं. धुऊन झालं की ते जेवायचे नाहीत. पण त्या पोरांवर त्यांचा जीव जडला. त्यांनी त्यांना गाठी मारायला शिकवल्या, डेकवर पाय कसा टाकायचा ते शिकवलं, समुद्र लागल्यावर आडवं न होता दूर क्षितिजाकडे बघायला शिकवलं. पोरं त्यांना अंकल म्हणायची आणि भात आला की पहिला त्यांच्या ताटात वाढायची. मला राग यायचा. मी म्हणायचो, भावजी, ह्यांनीच त्या बाईला मारलं. ते म्हणायचे, ह्यांना तरी कुणी विचारलंय का रे?

आता दिव्याचं सांगतो. नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजाने सूर्य मावळला की दिवा लावायचा, हा जगभरचा नियम आहे. बाकीच्या जहाजांना दिसावं, कुणी येऊन आदळू नये, म्हणून. सिंगापुरात ईस्ट कोस्टला संध्याकाळी उभं राहिलात तर दिसेल, एकेक करत शेकडो जहाजांवर दिवे लागतात आणि समुद्रावर गाव वसल्यासारखं होतं. तो स्विच दाबणं हे डेकवाल्यांच्या हाताला इतकं सरावाचं असतं की डोक्याला त्याचा पत्ताही नसतो. पण लढाईच्या जहाजावर सगळं उलटं. तिथे अंधार पडला की काडीसुद्धा पेटवायची नाही. आमच्या बोटीचे दिवे काढून टाकले नव्हते, कारण कधी कधी मासेमारीच्या बोटीचं सोंग घेऊन फसवायचं असायचं.

त्या दिवशी आम्ही मार खाऊन पळालो होतो आणि एका बेटाच्या आडोशाला नांगर टाकला होता. कुणाला झोप मिळाली नव्हती. कमांडर केबिनमध्ये पडला, पोरं तोफेभोवती डेकवर एकमेकांच्या अंगावर झोपली. ब्रिजवर, म्हणजे जिथून बोट चालवतात तिथे, पहाऱ्याला भावजी एकटे. मी हवा खायला वर आलो. सूर्य बुडालेला. मी मान वर केली तर डोलकाठीवर पांढरा दिवा लागलेला. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. जिवाला थंड वाटलं, सगळं नीट आहे असं वाटलं. मीही त्याच धंद्यातला माणूस. दोन-चार श्वास गेले आणि मग मला आठवलं, आपण कुठल्या बोटीवर आहोत. मी ब्रिजच्या शिडीकडे धावलो.

शिडीच्या मध्यावर असताना पहिला गोळा बोटीपलीकडे पाण्यात पडला. दुसरा तोफेवर पडला.

तोफेजवळच दारूगोळा रचलेला होता. तो पेटला. मी शिडीवरून खाली फेकला गेलो आणि उठलो तेव्हा मला काही ऐकू येत नव्हतं. झोपलेली पोरं झोपलेलीच जळत होती. एक चालत आला, त्याला खांद्यापासून हात नव्हता, आणि तो दुसऱ्या हाताने काहीतरी शोधत होता. डेकवर पाय ठेवीन तिथे मऊ लागत होतं. भावजी ब्रिजवरून उतरले, दिवा विझवून. ते सरळ आगीत शिरले. एकाला ओढून आणलं, परत गेले, दुसऱ्याला आणलं, तो त्यांच्या हातात सुटा झाला. मग कमांडर ओरडतोय हे त्यांना कळलं असावं. ते नांगराच्या यंत्राकडे गेले, तापलेल्या लोखंडाला उघडे हात लावून ब्रेक सोडला आणि सगळी साखळी समुद्रात जाऊ दिली. मी खाली जाऊन इंजिन चालू केलं. नांगर तिथेच समुद्रात सोडून आम्ही पळालो. बोट वाचली ती त्या हातांमुळे.

सकाळी ते माझ्यासमोर बसले होते. हातांना तेलात भिजवलेल्या चिंध्या गुंडाळलेल्या. म्हणाले, "दिवा मी लावला." मी म्हटलं, गप्प बसा, कुणी बघितलेलं नाही. म्हणाले, कमांडरला सांगून आलो.

हा माणूस! मी फक्त डोकं आपटून घ्यायचं बाकी ठेवलं.

कमांडरच्या लेखी प्रश्नच नव्हता. शत्रूला दिवा दाखवला, म्हणजे हेर. पोरं मेली, म्हणजे गोळी घालायची. भावजींना बांधून आणलं तेव्हा मी मध्ये उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं तोंड कामाला आलं. मी म्हटलं, हेर असता तर आगीत गेला असता? साखळी सोडली असती? कमांडर म्हणाला, तोही ह्याच बोटीवर होता, त्याला स्वतःचा जीव वाचवायचा होता. मी म्हटलं, अरे, तू स्वतः मर्चंटमध्ये होतास. सूर्य मावळल्यावर तुझा हात कुठे जायचा ते तुझ्या हाताला विचार. तो दिवा त्याने लावलाच नाही, त्याच्या हाताने लावला. त्याला मोकळा सोड, काही न सांगता पहाऱ्यावर उभा कर आणि संध्याकाळी बघ. आजही त्याचा हात जाईल.

कमांडरने स्वतःच्या हाताकडे बघितलं. ते त्याला पटलं होतं, मला दिसत होतं. त्यालाही ती सवय होती. म्हणाला, ठीक आहे. हात गेला तर सोडीन. आणि त्याला एक शब्द जरी कळवलास तर दोघांना मारीन.

त्या दिवशी आम्ही दुसऱ्या बेटामागे दोराला लहान नांगर बांधून उभे होतो. दिव्याचा फ्यूज काढून ठेवला, म्हणजे स्विच दाबला तरी दिवा लागायला नको. भावजींना सांगितलं, माफ केलंय, पहाऱ्यावर जा. ब्रिजच्या मागे नकाशे ठेवायची खोली असते, मध्ये फक्त पडदा. पडद्यामागे कमांडर, त्याचे दोन बंदूकवाले आणि मी. पिस्तूल माझ्या मानेला टेकवलेलं. पण खोटं कशाला बोलू, मला भीती वाटत नव्हती. मला खात्री होती. सगळ्या हयातीची सवय एका दिवसात जाते का? मी मनात म्हणत होतो, चला भावजी, उरका, घरी जाऊ.

सूर्य टेकला. पडद्याच्या फटीतून भावजी काचेसमोर उभे दिसत होते, खाली जळून काळा झालेला डेक आणि त्यावर झोपलेली उरलेली पोरं. सूर्य बुडाला. ते वळले आणि त्यांचा उजवा हात, चिंध्या गुंडाळलेला, स्विचांच्या फळीकडे उचलला गेला. अगदी आपोआप. मी कमांडरच्या दंडाला धरलं, की बघ, बघ.

हात स्विचच्या जवळ जाऊन थांबला. भावजींनी त्या हाताकडे बघितलं. मग डाव्या हाताने तो मनगटात धरला, जळलेला हात जळलेल्या हाताने, आणि छातीशी ओढून घेतला. एवढं दाबून धरला की चिंध्यांतून फोडांचं पाणी गळायला लागलं. आणि ते रडायला लागले. म्हणाले, "नाही रे पोरांनो, नाही."

कमांडरने मला कानाशी विचारलं, काय म्हणाला? मी जे होतं ते हिंदीत सांगितलं. मला वाटलं, हे ऐकून तर दगडालाही कळेल. कमांडर शांतपणे म्हणाला, "आज हात आवरता आला. मग काल का नाही आवरला?"

मी पडदा फाडून बाहेर पडलो आणि ओरडलो, भावजी, लावा, तो दिवा लावा! ते दचकून माझ्याकडे वळले. त्यांना काही कळलं नाही. म्हणाले, "वेडा झालास का? पोरं मरतील." कमांडरने माझ्या खांद्यावरून त्यांना तोंडावर गोळी घातली. मग आणखी एक छातीत. ते फळीवर आपटून खाली बसले आणि बसलेलेच राहिले. मी कमांडरवर झडप घातली, त्याच्या गालाचा लचका माझ्या दातांत आला. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. त्यांनी माझा जबडा आणि बरगड्या मोडल्या, पण मारलं नाही, कारण इंजिन चालवणारा दुसरा कुणी नव्हता. दुसऱ्या दिवशी भावजींना समुद्रात सोडलं. डेक मी धुतला.

पुढे ते बंदर दुसऱ्या बाजूने जिंकलं, कमांडर पळाला, उरलेली पोरं शर्ट काढून शेताकडे चालू लागली. मला आपल्या वकिलातीतून कागद मिळाले आणि मी सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरलो. बायकोने मला ओळखलं तेव्हा तिने हातातली पर्स खाली टाकली.

एजंटने ताईला अपघात झाला म्हणून कळवलं होतं. मी फोनवर तिच्याशी बोललो नाही, जबड्याचं निमित्त सांगत राहिलो. मग बायकोनेच तिला सिंगापूरला बोलावून घेतलं. एका दुपारी बायको ऑफिसला, मुलगी शाळेत. ताई किचनमध्ये बांगडे साफ करत होती. वळून न बघता म्हणाली, आता सांग. मी सांगितलं. होतं तसं सगळं सांगितलं, दिव्याचं, पोरांचं, माझ्या पैजेचं, पडद्याचं. तिचा सुरीचा हात मध्येच थांबला होता. नळ चालू होता, तो मी बंद केला. तिने एकच विचारलं, हात खूप भाजले होते का? मी हो म्हटलं.

मग मला वाटलं, काहीतरी बरं बोलावं. मी म्हटलं, ताई, ते फार मोठे माणूस होते. जीव वाचत होता तिथे त्या परक्या पोरांसाठी त्यांनी हात आवरला.

ती वळली. माझ्यासारखाच राग तिलाही येतो, आमच्या घरातच आहे तो. म्हणाली, "हे चांगले होते ते तू मला सांगू नकोस. त्या संध्याकाळी मला चांगले नको होते रे. मला ते नुसते घरी यायला हवे होते."

मी म्हटलं, मला पण. तिने खवल्यांनी भरलेल्या हातांनी मला जवळ घेतलं आणि आम्ही दोघं बहीण-भाऊ तिथे सिंकपाशी उभे राहून रडलो.